वाचून दाखवा, मग सही

“काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा, मग सही करते.”

शाळा व्यवस्थापन समितीची सभा संपली होती. चहा झाला होता, दोघं-तिघं दाराशी चपला शोधत होते आणि इतिवृत्ताची वही सतरंजीवरून हातोहात पुढे सरकत होती. ती एका ताईंच्या हातात आली आणि थांबली. सकाळपासून चार घरची धुणीभांडी उरकून त्या सभेला आल्या होत्या. त्यांतलं एक घर आमच्याच इमारतीतलं, माझ्या वरच्या मजल्यावरचं. त्यांची मुलगी तिसरीत, मुलगा पहिलीत. सभेत तासभर त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मुख्याध्यापक म्हणाले, “ताई, आत्ता आपण बोललो तेच लिहिलंय.” त्या म्हणाल्या, “तेच असंल, सर. पण मला जोडाक्षरं लवकर लागत नाहीत. तुम्ही वाचा, मी ऐकते.”

सरांनी वही घेतली आणि वाचायला सुरुवात केली. चौथ्या ठरावाला अध्यक्षांनी त्यांना थांबवलं. “सर, हे असं नव्हतं ठरलं. पाण्याच्या टाकीचं आधी बघायचं आणि रंगाचं नंतर, असं ठरलं होतं.” वहीत नेमकं उलटं लिहिलं गेलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. मागच्या वर्षीचा ठराव समोर ठेवून घाईघाईत लिहिताना असं होतं. ठराव दुरुस्त झाला, दुरुस्तीची नोंद खाली झाली आणि मग ताईंनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

माझी सही त्याआधीच झाली होती. न वाचता. ३४ वर्षं शाळेत घालवलेल्या, त्यांतली शेवटची ११ वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या बाईची सही त्या पानावरच्या सह्यांत सगळ्यांत वर होती आणि ती ज्या ठरावाखाली होती तो चुकीचा होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला माझ्या शाळेची वही आठवली. मी अनुदानित माध्यमिक शाळेत होते. पालक-शिक्षक संघ होता, शाळा समिती होती, कायद्याने हव्या त्या सगळ्या समित्या होत्या. त्यांच्या सभा वर्षातून दोनदा खऱ्या होत, बाकीच्या वहीत होत. शिपाई सायकलवर वही घेऊन निघे, कुणाची दुकानात, कुणाची शेतावर सही घेई आणि संध्याकाळी वही माझ्या टेबलावर येई. तपासणीला येणारे अधिकारी सह्या मोजत आणि त्या पूर्ण भरत. दहावीचा निकाल चांगला लागत होता, मुलांची शिस्त चांगली होती, त्यामुळे यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. पालक शाळेत कधी येत? फी राहिली तर, मुलाची तक्रार असली तर, नाहीतर निकालाच्या दिवशी. म्हणजे मी बोलावलं तरच. शाळेविषयी त्यांचं स्वतःचं काही मत असेल, हा विचार मी केलाच नव्हता.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे, जांब्याला राहायला आले. जांबे मुळशी तालुक्यातलं. पण तालुक्याचं गाव पौड लांब आणि हिंजवडी हाकेच्या अंतरावर. एका अंगाला पुनावळे आणि ताथवडे, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द. दुसऱ्या अंगाला मारुंजी, नेरे आणि पुढे कासारसाईचं धरण. आमच्या गॅलरीतून पावसाळ्यात भाताची खाचरं दिसतात आणि त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या इमारतींचे सांगाडे. गाव महापालिकेत जाणार की ग्रामपंचायतीतच राहणार, ही चर्चा मी इथे आले तेव्हा चालू होती, अजूनही चालू आहे. इथल्या जुन्या घरांतली मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांना जातात. जिल्हा परिषदेच्या शाळांत उरतात ती गावातल्या साध्या घरांतली मुलं आणि बांधकामावरच्या मजुरांची, पहारेकऱ्यांची, घरकामाला जाणाऱ्या बायांची, मराठवाड्यातून, विजापूर-कलबुर्गीकडून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून आलेल्यांची मुलं. एका वर्गात चार-पाच भाषा कानावर पडतात.

याच परिसरातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक एक दिवस घरी आले. वयाने माझ्या मुलाएवढे. म्हणाले, “बाई, समितीत शिक्षणतज्ज्ञाची एक जागा असते. आमच्याकडे ती दर वेळी कुणाच्या तरी नावाने नुसती भरली जाते. या वेळी पालकांनी तुमचं नाव सुचवलंय.” मी आनंदाने हो म्हटलं. मनात आलं, चला, आपल्या अनुभवाचा उपयोग होईल. तो अनुभव किती अपुरा होता, ते पुढच्या दोन वर्षांत कळलं.

ही समिती काय असते, ते थोडं सांगायला हवं. कारण ज्यांची मुलं या शाळांत आहेत अशा अनेकांनाही ते ठाऊक नसतं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यातले किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव. ग्रामपंचायतीचा एक सदस्य, शिक्षकांचा एक प्रतिनिधी, एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. शाळेतली दोन मुलंही सभेला बसतात, त्यांना मत नसतं. शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची, शाळा विकास आराखडा करायचा आणि शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो ते पाहायचं, ही कामं कायद्यानेच समितीकडे दिली आहेत.

हे आपोआप घडलेलं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर निवेदन देताना महात्मा फुल्यांनी सरकारला बजावलं होतं की महसूल भरतो शेतकरी आणि त्या पैशातून शिकतात वरचे वर्ग. म्हणून किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ते करून दाखवलं. इंग्रजी मुलखात मात्र नामदार गोखल्यांचं १९११ चं विधेयक फेटाळलं गेलं. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या. माझे वडील त्यांच्या शाळेला शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’च म्हणत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डं गेली, शाळा परिषदेच्या झाल्या. शाळेचा कारभार असा सरकारकडून बोर्डाकडे, बोर्डाकडून परिषदेकडे आणि २०१० मध्ये थेट पालकांच्या सतरंजीपर्यंत आला. त्या सतरंजीवर बसलेल्या बाईला वहीत काय लिहिलंय ते माहीत नसेल, तर सव्वाशे-दीडशे वर्षांचा तो प्रवास शेवटच्या पावलाशी अडतो. ताईंनी “वाचून दाखवा” म्हटलं तेव्हा ते शेवटचं पाऊल पडलं, असं मला आज वाटतं.

पहिले काही महिने माझंच वागणं चुकत होतं. सभेत मी सरांच्या बोलण्यातल्या चुका सगळ्यांसमोर काढत असे. “ते परिपत्रक आता बदललंय,” “या प्रस्तावाला अंदाजपत्रक जोडावं लागतं,” “हजेरीपटावर अशी खाडाखोड चालत नाही.” बोलणं खरं असायचं, पण त्याचा परिणाम वाईट झाला. सर हळूहळू गप्प व्हायला लागले आणि पालक प्रत्येक प्रश्नाला सरांऐवजी माझ्याकडे बघायला लागले. समितीत मी एक दुसरी मुख्याध्यापिका होऊन बसले होते. एके दिवशी शाळेतल्या एका शिक्षिकेने बाजूला घेऊन मला सांगितलं, “बाई, तुम्ही आलात की सरांना तपासणी आल्यासारखं वाटतं.” मला ते लागलं, पण ते खरं होतं. मी सरांकडे गेले आणि सरळ माफी मागितली. त्या दिवसापासून एक नियम केला. सरांना जे सांगायचं ते सभेच्या आदल्या दिवशी, दोघांतच. सभेत मी शेवटी बोलणार आणि कुणी विचारलं तरच.

गप्प बसायला लागल्यावर मला ऐकू यायला लागलं.

शाळेला दरवर्षी समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. ते पटावर ठरतं. ३१ ते १०० मुलं असतील तर २५ हजार, १०१ ते २५० असतील तर ५० हजार. खडूपासून वीजबिलापर्यंत आणि झाडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं त्यात बसवायचं, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. आमचा पट शंभराच्या वर, म्हणजे ५० हजार. त्या वर्षी सभेत चर्चा चालली होती ती व्हरांड्याच्या बोलक्या भिंतींची. पाढे, बाराखडी, महाराष्ट्राचा नकाशा असं सगळं रंगवून घ्यायचं. मलाही ते पसंत होतं. दुसऱ्या शाळांचे फोटो मोबाइलवर एकमेकांना दाखवले जात होते. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून सातवीतली एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. अध्यक्षांनी सहज विचारलं, “तुला काय वाटतं गं, बाळा? कुठला रंग द्यायचा?” ती उठून उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, “आमच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही.”

कुणीच काही बोलेना. मग ती म्हणाली, “एकीने दार धरून उभं राहावं लागतं. मैत्रीण आली नसली तर आम्ही जात नाही. पाणी पण कमी पितो.”

त्या दाराजवळून मी कितीतरी वेळा गेले होते. तपासणीच्या तक्त्यात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह’ या ओळीपुढे ‘आहे’ असं लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी स्वतःच्या खर्चाने कडी आणली आणि बसवली. तेवढ्याने झालं नाही. खिडकीच्या फुटलेल्या तावदानाला पत्रा, कचऱ्याला झाकणाची बादली, नळाला तोटी, असं करत सगळं नीट करायला दोन महिने लागले. बोलक्या भिंती पुढच्या वर्षावर गेल्या. त्यानंतर आम्ही पद्धत पाडली की सभेच्या सुरुवातीला पहिली पाच मिनिटं मुलांची. त्यांना मत नसलं तरी त्यांचं म्हणणं वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं जातं.

पोषण आहाराचंही असंच झालं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं; सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. मला हे आकडे तोंडपाठ होते. पण शिजलेल्या भातात ते उतरतात की नाही, हे बघायची कला माझ्याकडे नव्हती. ती आयांकडे होती. चव नोंदवहीत रोज शिक्षक सही करत. समितीने ठरवलं की आठवड्यातून दोन दिवस एक आई येऊन मुलांच्या आधी चव घेईल आणि स्वतःच्या शब्दांत लिहील. पहिल्याच आठवड्यात एकीने लिहिलं, ‘डाळ पातळ. मीठ बरोबर. वटाणा कच्चा.’ स्वयंपाक करणाऱ्या मावशींना राग आला. मग तीच आई त्यांच्याबरोबर चुलीशी बसली आणि तिच्या लक्षात आलं की वटाणा आदल्या रात्री भिजत घालायचा, तर खोलीची किल्ली मावशींकडे नसते. शाळा सुटताना ती किल्ली कुणाकडे द्यायची, एवढाच तो प्रश्न होता. तो सुटला आणि वटाणा शिजायला लागला. मी असते तर मावशींना लेखी समज दिली असती.

सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती दिवाळीनंतर. आमच्या भागातून कासारसाई-दारुंब्र्याचा संत तुकाराम साखर कारखाना फार लांब नाही. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर खोपी पडतात. बीडकडची, नगरकडची माणसं, आणि त्यांच्याबरोबर आलेली मुलं. थोरलं मूल धाकट्याला सांभाळतं, आई-वडील पहाटे फडावर जातात. बांधकामांवरची मुलं वेगळीच. तिथे वर्षभर कुणी ना कुणी येत-जात असतं. एका सकाळी दोन भावंडं फाटकाला धरून प्रार्थना बघत उभी होती. सरांनी त्यांना आत घेतलं आणि प्रश्न समितीपुढे आला.

त्या सभेत आवाज चढले. एक वडील म्हणाले, “आपल्याच पोरांना बेंच पुरत नाहीत. ही चार महिन्यांची पाहुणी. आपल्या पोरांचं शिकवणं मागं पडतं.” दुसऱ्याने विचारलं, “यांचा दाखला कुठंय? आधार कुठंय? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” सरांची काळजी आणखी वेगळी होती. शिक्षकांची पदं पटावर ठरतात आणि पट मोजताना आधारची नोंद लागते. शिकवायची मुलं वाढणार, पण मोजली जाणारी वाढणार नाहीत, अशी ती अडचण. यातली एकही शंका वाईट मनाने काढलेली नव्हती.

माझ्या पर्समध्ये कायद्याची प्रत होती. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५. वयाला योग्य अशा वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम ४. मी ते वाचून दाखवलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण मनं तशीच राहिली असती आणि त्या मुलांना वर्गात रोज ते सोसावं लागलं असतं. मी पर्सवर हात ठेवून थांबले.

त्या ताई बोलल्या. “माझी पोरगी पहिलीला होती तेव्हा आमची तीन गावं बदलली. एका गावच्या शाळेत दोन महिने तिला दारात बसवलं होतं, कागद आला नाही म्हणून. दारातनं ती फळ्याकडं बघत राहायची. आता या शाळेत ती पहिल्या बाकावर बसते. दारात बसवायचं असंल तर बसवा, पण तो ठराव मी ऐकून घेईन आणि सही करणार नाही.”

बेंच पुरत नाहीत म्हणणारे वडील बराच वेळ खाली बघत होते. मग तेच म्हणाले, “सतरंजी आहे की आपल्याकडं. पहिली-दुसरीची सगळीच पोरं खाली बसू देत. एकाला बेंच आणि एकाला जमीन नको.” ठराव एकमताने झाला. तेव्हा मी पर्स उघडली आणि कलमांचे क्रमांक सरांना ठरावात घालायला सांगितले, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर शाळेच्या हातात कागद असावा. माझ्या ज्ञानाची जागा तिथे होती, ठरावाच्या शेवटी.

पुढचं काम मेहनतीचं होतं. समितीतल्या आम्ही तिघी आणि एक शिक्षिका अशा चौघी दोन रविवार खोपींवर आणि बांधकामांच्या पत्र्याच्या वस्त्यांवर फिरलो. वही घेऊन प्रत्येक मुलाचं नाव, अंदाजे वय, गावची शाळा, इयत्ता असं लिहून आणलं. मला वाटलं होतं, आई-वडील शाळेला नको म्हणतील. नको कुणीच म्हटलं नाही. अडचण एकच होती, धाकट्यांना कोण बघणार. मग अंगणवाडीच्या ताईंशी बोलणं झालं. कुठे त्यांनी लहानग्यांना घेतलं, कुठे थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच वर्गात आली आणि बाईंनी त्याला कोपऱ्यात खडू देऊन बसवलं. सरांनी मुलांच्या मूळ गावच्या शाळांना फोन लावले. तिकडच्या गुरुजींना आपली मुलं कुठे आहेत ते कळून बरं वाटलं. हंगाम संपताना प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं ठरलं. मूल इथे किती दिवस होतं, काय शिकलं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि पुढच्या शाळेने त्याला त्यावरून वर्गात घ्यायचं असतं.

यात नवं काहीच नव्हतं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. वसईकडे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. पुण्यात रजनीताई परांजप्यांची डोअर स्टेप स्कूल ही संस्था बांधकामांच्या जागी जाऊन मुलांना शिकवत आली आहे. हे सगळं मी डी.एड.च्या मुलींना व्याख्यानांत सांगितलं होतं. पण खोपीच्या दारात उकिडवं बसून, चुलीच्या धुरात डोळे चोळत, ‘तुझं नाव काय गं?’ असं पहिल्यांदा विचारलं ते वयाच्या साठीनंतर.

सगळंच जमलं, असं मुळीच नाही. एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. चौथीच्या वयाची होती, अक्षरओळख अर्धवट. दोन महिन्यांत ती जोडाक्षरं वाचायला लागली. आमच्या त्या ताई तिला रोज विचारायच्या, “आज कुठलं जोडाक्षर आलं?” आणि दोघी मिळून ते गिरवायच्या. एका सोमवारी ती आली नाही. टोळी रविवारी रात्रीच हलली होती. तिचं हमी पत्रक माझ्याकडे सहीसाठी होतं. आणखी दोन ओळी नीट लिहू म्हणून मी ते घरी नेलं होतं. ती ते न घेताच गेली. गावच्या शाळेला फोन केला, पण कुटुंब तिकडे पोचलं नव्हतं. दुसऱ्याच कामावर गेलं होतं. ते पत्रक आजही माझ्या कपाटात आहे. त्यानंतर समितीने नियम केला की पत्रक हंगामाच्या शेवटी द्यायचं नाही, मूल दाखल झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं आणि त्यावर पुढची नोंद दर महिन्याला करायची. नियम चांगला आहे. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही.

समितीत निवृत्त शिक्षकाने काय करावं, असं मला बरेच जण विचारतात. मी जे शिकले ते सांगते. आपल्याला कागद कळतो. तो कळण्याचा उपयोग इतरांना करून द्यावा. अर्ज कसा लिहायचा, त्यावर जावक क्रमांक घालायचा, पौडला पंचायत समितीत दिला की पोच घ्यायची, महिन्याने स्मरणपत्र द्यायचं, ग्रामपंचायतीकडून काही हवं असेल तर ग्रामसभेत विषय मांडायचा, ही कामं मी दोन वर्षं केली. नुसती केली नाहीत, दर वेळी समितीतल्या कुणाला तरी बरोबर घेऊन केली. पहिल्यांदा पौडला आम्ही गेलो तेव्हा त्या ताई माझ्या मागे उभ्या होत्या. तिसऱ्यांदा पोच मागायला त्या पुढे होत्या आणि मी बाकावर बसले होते.

आणि जे करू नये तेही सांगते. शाळा चालवायला जाऊ नये. शाळा चालवायला मुख्याध्यापक आहेत. पालकांच्या वतीनेही बोलू नये. आपण बोललो की ते गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, त्यांना काही म्हणायचंच नाही. तीस-तीस वर्षं वर्गात आपण ‘शांत बसा’ म्हणत आलो आहोत. आता तेच स्वतःला सांगायची वेळ आहे.

समितीची मुदत दोन वर्षांची असते. नव्या समितीच्या निवडीसाठी पालकसभा झाली तेव्हा व्हरांडा भरला होता. पूर्वी अशा सभेला दहा-बारा जण येत. बेंचवरून वाद घालणारे ते वडील नव्या समितीचे अध्यक्ष झाले आणि आमच्या त्या ताई उपाध्यक्ष. माझं नाव पुन्हा सुचवलं गेलं आणि मी होकार दिला. मला आता ठाऊक आहे की या जागेवर बसून ऐकायचं असतं.

महाराष्ट्रातल्या निवृत्त शिक्षकांना, मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. तुम्ही राहता तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर एक जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा असेल. तिच्या समितीत शिक्षणतज्ज्ञाची जागा असते आणि ती बहुतेक वेळा नावापुरती भरलेली असते. तिथे जा. सतरंजीवर बसा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का ते बघा, फाटकाबाहेर कुणी मूल उभं आहे का ते बघा. आणि सभेच्या शेवटी वही तुमच्यापर्यंत आली की सही करायच्या आधी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवा.

आमच्या शाळेत आता प्रत्येक सभेत इतिवृत्त मोठ्याने वाचलं जातं आणि मगच सह्या होतात. गेल्या सभेचं इतिवृत्त उपाध्यक्ष ताईंनी वाचलं, जोडाक्षरांसकट.